फाईल आत, मी बाहेर

मित्रांनो, आधीच कबूल करून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही मला नावं ठेवायला नकोत. मी एका फायलीवर जळते.

काठी आहे मी. जुनी, बाभळीची, वय वर्षं त्रेपन्न. मुक्काम काष्टी, तालुका श्रीगोंदा, दारामागचा कोपरा. माझ्या शेजारी खराटा असतो आणि त्याच्याशी बोलण्यासारखं काही नसतं. आणि ती? ती निळी फाईल लोखंडी कपाटात राहते, पैठणीच्या वरच्या घडीवर, डांबरगोळ्यांच्या वासात. पावसाळ्यात तिला प्लास्टिकची पिशवी मिळते. प्रवासात तिला मांडी मिळते. मला आजवर कुणी मांडीवर घेतलंय का? एसटीत मी सीटखाली, लोकांच्या चपलांशेजारी. चिखलात पाय माझा बुडणार, रस्ता मी चाचपणार, कुत्रं मी हाकलणार आणि साहेबाचं दार आलं की आत कोण जाणार? तर ती!

आता तुम्हीच सांगा, जळू नको तर काय करू?

तर पहिल्यापासून सांगते.

माझे मालक जालिंदर आबा. आता सगळे आबा म्हणतात, पण मी त्यांना पाहिलं तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. एकाहत्तरच्या लढाईत ते पश्चिमेच्या सीमेवर होते. तोफगोळ्याचा एक तुकडा त्यांच्या उजव्या गुडघ्यात शिरला. सैन्याच्या दवाखान्यात तो काढला, पण गुडघा पुन्हा धड वाकला नाही आणि धड सरळही राहिला नाही. बहात्तर साली सैन्यानं त्यांना घरी पाठवलं. नायक या हुद्द्यावरून. बगलेत दवाखान्याच्या दोन कुबड्या घेऊन ते काष्टीच्या स्टेशनवर उतरले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी, म्हणजे छगनरावांनी, त्या कुबड्यांकडे एकदा पाहिलं आणि तसेच बन्सी सुताराकडे गेले.

"बन्सी, पोराला काठी करून दे."

"कसली करू? म्हाताऱ्याची का तरन्याची?"

"फौजीची कर."

"तसली म्या कदी केली न्हाई," बन्सी म्हणाला. मग दाढी खाजवत त्यानं बांधावरच्या बाभळीकडे पाहिलं. "पर करतो."

ती बाभळ म्हणजे माझी आई. बन्सीनं मुठीसाठी आयता बाक असलेली फांदी शोधायला अर्धा दिवस घालवला. साल सोलली, चुलीवरच्या धुरात मला आठ दिवस टांगलं, मग करडईचं तेल इतकं पाजलं की मला आजही तहान लागत नाही. खालच्या टोकाला पितळेची टोपी बसवली. तिला शेंबी म्हणतात. उन्हात ती अशी चमकायची, अशी चमकायची, की पहिल्या दिवशी सगळी आळी मला बघायला आली! खरं म्हणजे जालिंदरला बघायला आली होती, पण मी ते मनावर घेतलं नाही.

मला डाव्या हातात धरायचं ठरलं. दुखरा पाय उजवा, म्हणून काठी डावीकडे. शिवाय उजवा हात सॅल्यूटला मोकळा राहतो, असं जालिंदर म्हणाले. तेव्हा मला ते फार आवडलं होतं. पुढं त्या सॅल्यूटनंच माझा घात केला.

काय दिवस होते ते! शेताच्या बांधावरून आम्ही दोघं चालायचो. शनिवारच्या बाजारात गर्दीत मी पुढं, ते मागं, आणि शेळ्या आपोआप बाजूला. उसाच्या फडात शिरताना आधी मी आवाज करायचे, मग ते पाय टाकायचे. त्यांच्या तळव्याचा घाम मुरून माझी मूठ काळी आणि गुळगुळीत झाली. गावात कुणाचं वजन किती, ते मला ठाऊक नाही, पण जालिंदरांचं किती ते मला ग्रॅमपर्यंत ठाऊक होतं.

एक खोड मात्र मला तेव्हाच दिसली होती. मान देण्यासारखं कुणी समोर आलं, की हा माणूस मला सोडायचा. लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मला मामाच्या हातात दिलं आणि अंतरपाटासमोर ताठ उभे राहिले. घामानं मुंडावळ्या चिकटल्या, पण टेकले नाहीत. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडावंदन, तेव्हा मी कुंपणाला. कलेक्टर गावात आले, तेव्हा मी लिंबाला. मी मनात म्हणायचे, असू दे, पाच मिनिटांचा प्रश्न आहे. घरी न्यायला तर मीच लागते ना!

मग आलं शहात्तर साल.

मित्रांनो, इथं थोडं नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. लढाईत जखमी झालेल्या सैनिकाला पेन्शनमध्ये अपंगत्वाचा वेगळा भाग मिळतो. किती अपंगत्व आहे ते डॉक्टरांचं मंडळ टक्क्यांत ठरवतं. त्याला मेडिकल बोर्ड म्हणतात. वीस टक्क्यांच्या खाली गेलं की तो भाग बंद. त्या काळी हे टक्के दर काही वर्षांनी पुन्हा तपासायचे. जालिंदरांना पहिल्यांदा तीस टक्के दिले होते. शहात्तरमध्ये फेरतपासणीला पुण्याला बोलावलं.

आम्ही दोघंच गेलो. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, बूट आरशासारखे. लांबलचक व्हरांडा होता आणि शेवटी एक दार. आतून नाव पुकारलं. त्यांनी आत डोकावून पाहिलं, खांद्यावरचे तारे पाहिले आणि मला भिंतीला टेकवलं.

मी वाट बघत राहिले की आत्ता परत हात येईल. आला नाही. दार लोटलेलं होतं. आतून फक्त बूट ऐकू येत होते. खाट्, खाट्, खाट्. परेडवर वाजतात तसे. अकरा पावलं जाताना, अकरा पावलं येताना. मधे एक सॅल्यूट. मला वाटलं, अरे, पाय बरा झाला की काय!

बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. दार बंद झाल्याबरोबर त्यांनी मला असं धरलं की माझी शेंबी फरशीवर घसरली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत पोचायला आम्हाला पाव तास लागला. पण चेहरा कसा होता सांगू? पहिला नंबर आल्यासारखा.

"बगितलंस?" ते मला म्हणाले. "कुनापुढं वाकलो न्हाई."

डॉक्टरांची काय चूक हो? त्यांनी समोर जे दिसलं ते लिहिलं. दोन महिन्यांनी पत्र आलं. पंधरा टक्के. अपंगत्वाचा भाग बंद.

ते पत्र ठेवायला छगनरावांनी बाजारातून एक निळी फाईल आणली. हीच ती! म्हणजे बघा, ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. आणि ती जन्मालाच आली मुळी मला बाहेर ठेवल्यामुळे. तरी तिचा तोरा बघा!

सुरुवातीला एकच कागद होता तिच्यात, त्यामुळे मी लक्ष दिलं नाही. मग आबांनी अर्ज केला. उत्तर आलं. पुन्हा अर्ज, पुन्हा उत्तर. अर्जाची पोच, पोचेची नक्कल, नकलेवर शिक्का. बाई फुगत गेल्या. माझी मात्र झीज होत गेली. शेंबी निघून पडली, तिच्या जागी रबरी बूट आला, तोही आठवडे बाजारातला, दुसऱ्या कुठल्या तरी काठीच्या मापाचा. मी दोन बोटं बुटकी झाले.

आबांची बायको चांगुणाबाई. त्यांनी त्या फायलीला दरवर्षी दसऱ्याला हळदकुंकू वाहिलं. मला कधी फुलाची पाकळी नाही. फायलीला नमस्कार करून झाला की त्या न चुकता शहात्तरच्या डॉक्टरला एक करकरीत शिवी घालायच्या. आबा तेव्हा चहाच्या कपात बघत बसायचे. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मी तर काठी, मला कोण विचारतंय?

मग सून आली, रुपाली. तिचं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. म्हणजे कागदांवर प्रेम करणारी बाई थेट घरातच आली! तिनं फायलीला नवं पुठ्ठ्याचं कव्हर घातलं, पानांना नंबर दिले, रंगीत चिठ्ठ्या लावल्या. एक दिवस ती फाईल टेबलावर उघडून बसली होती, "किती सुबक अक्षर आहे हो आबा तुमचं," म्हणत होती, आणि मी टेबलाच्या कडेला टेकलेली होते.

त्या दिवशी मी घसरले. मुद्दाम घसरले. खोटं कशाला बोलू? कपाला लागले, चहा फायलीवर.

मला वाटलं, संपली बया. कसलं काय! रुपालीनं एकेक पान सुटं केलं, टेबलफॅन लावला, उडू नये म्हणून प्रत्येक पानावर एकेक वाटी ठेवली. सबंध ओटा रिकामा झाला. दुपारी सगळ्यांनी आमटी ताटात ओतून खाल्ली. आणि मला काय मिळालं? "ही मेली काठी! हिला आधी कोपऱ्यात ठेवा."

त्या दिवसापासून खराट्याशेजारी आहे.

बरं, रुपालीनं नुसता लाड केला नाही, एवढं मी मान्य करते. तिनंच मच्छिंद्र वकिलांना शोधून काढलं. हे वकील आधी फौजेत सुभेदार होते, निवृत्त झाल्यावर शिकून काळा कोट चढवला. नगरहून ते घरी आले. ओसरीवर बसून त्यांनी सगळी फाईल वाचली. माझ्याकडे बघितलंही नाही.

"आबा, पंधरा टक्के लिहिलंय," ते म्हणाले.

"पंधरा म्हंजी काय?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"म्हणजे काकू, पाय शंभरातला पंच्याऐंशी चांगला आहे."

"कुनाचा?"

वकील इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मग ते गंभीर झाले. म्हणाले, एवढ्या वर्षांनी दाद मागता येते, कारण पेन्शन दर महिन्याचं असतं. दर महिन्याला नाकारलं की दर महिन्याला तक्रार नवी होते. सैनिकांच्या अशा भांडणांसाठी मुंबईत वेगळं न्यायाधिकरण आहे, तिथं अर्ज टाकू. टाकला. अर्जाबरोबर फाईल मुंबईला जाऊन आली. मला विचारलंसुद्धा नाही! परत आली तेव्हा तिच्या अंगाला समुद्राचा वास होता, असं मला उगाच वाटत राहिलं.

चोवीस सालच्या उन्हाळ्यात सरकारी बाजूचं उत्तर आलं. ते घेऊन वकील पुन्हा ओसरीवर. या वेळी सगळेच बसले होते. आबा खुर्चीत, चांगुणाबाई शेंगा फोडत, रुपाली पेन्सिल घेऊन. वकिलांनी शहात्तरच्या बोर्डाच्या अहवालातली एक ओळ वाचून मराठीत सांगितली.

"'रुग्ण सरळ चालतो. काठी अथवा अन्य कोणताही आधार वापरत नाही.' सगळं या एका ओळीवर अडलंय."

मित्रांनो, मी दारामागं होते. ऐकलं आणि माझ्या गाठी ताठ झाल्या. वापरत नाही? चार वर्षं माझ्या मुठीला त्यांच्या तळव्याची घडी पडली होती, आणि वापरत नाही? म्हणजे एवढी गलेलठ्ठ फाईल, दोनशे चौदा पानं, आणि त्यात मी नाहीच! नुसती नाही असं नाही, मी नाही असं लिहिलेलं आहे! आजवर मी तिच्या कपाटावर जळत होते. त्या दिवशी तिच्या पानन् पानावर जळले.

चांगुणाबाईंनी शेंगा खाली ठेवल्या. दारामागून मला ओढून बाहेर काढलं आणि ओसरीच्या मधोमध धरलं.

"आन् ही कोन हाय मग? म्या म्हायेरनं आंदन आनलीया व्हय हिला?"

"आबा," वकिलांनी हळूच विचारलं, "त्या दिवशी काठी नेली नव्हती का?"

"नेली हुती."

"मग?"

"भाईर हुती."

"बाहेर का?"

आबांनी अंगणातल्या शेळीकडे बघितलं. मग म्हणाले, "साहेबापुढं टेकून हुभं ऱ्हायचं व्हय? फौजी हाय मी."

 रुपालीची पेन्सिल हवेत. आणि मग चांगुणाबाई सुटल्या.

"अवं, परेडला गेल्ता का पाय दाखवाया गेल्ता? अठ्ठेचाळीस वर्सं! अठ्ठेचाळीस वर्सं म्या त्या डाक्तरला शिव्या दिल्या! सनासुदीला दिल्या! त्यो बिचारा मेला बी आसंल, आन् तुमी च्या पीत बसायचा!"

"आगं…"

"घरात भित धरून न्हानीत जाता. जिना चढता यीना म्हनून माळवद बगितलं न्हाई धा वर्सांत. आन् तितं जाऊन खाट् खाट्!"

"काकू, थांबा," वकील म्हणाले. चष्मा काढून पुसत होते. "खरं सांगू? मी असतो तर मीही हेच केलं असतं. आम्हाला शिकवलंच तसं. घोळ तिथंच आहे."

"पैशाचं जाऊ द्या," चांगुणाबाईंचा आवाज एकदम खाली आला. "पर त्या कागदावर तुमचा पाय बरा हाय आसं लिवलंय. तुमी गेल्यावर बी तसंच ऱ्हानार. मंग लढाईत काय झालं हुतं तुमाला? काईच न्हाई?"

 आबांनी मला चांगुणाबाईंच्या हातातून घेतलं आणि मुठीवरून अंगठा फिरवत बसले. एवढ्यानं माझा राग जाणार होता काय? थोडा गेला.

न्यायाधिकरणानं निकाल दिला तो असा: नवा मेडिकल बोर्ड बसवा, पाय पुन्हा तपासा, आणि तो जे म्हणेल त्याप्रमाणे करा. तो सांगायला वकील घरी आले आणि निघताना त्यांनी आबांना बजावलं. "हे शेवटचं दार आहे. या बोर्डानंही तीच ओळ लिहिली, तर माझ्या हातात काही उरत नाही. या वेळी काठी आत. कळलं ना?"

"बगू," आबा म्हणाले.

त्या 'बगू'नं मला आठवडाभर झोप नाही.

ठरल्या दिवशी पहाटेच्या एसटीनं आम्ही पुण्याला निघालो. आबा, चांगुणाबाई, ती आणि मी. पांढरा शर्ट, इस्त्री, छातीवर पदक, बूट चकाचक. सगळं शहात्तरसारखं दिसत होतं. ती निवांत चांगुणाबाईंच्या मांडीवर, पदराखाली. मी सीटखाली. शिरूरच्या पुढं कुणाची तरी भाजीची पिशवी माझ्यावर येऊन बसली.

व्हरांडा दुसराच होता, पण शेवटी दार तसंच. बाकावर आणखी चार-पाच जुने फौजी बसले होते, कुणी कानाचं, कुणी पाठीचं. एकमेकांना "जय हिंद" म्हणून झालं. मग आतून आवाज आला, "नायक जालिंदर!"

आबा उठले. आत डोकावले. टेबलामागं तिघं होते, मधे एक बाई अधिकारी. आबांची पाठ आपोआप ताठ झाली. मी ती पाठ ओळखते, मित्रांनो. मला कळलं, आता मी जाणार भिंतीला.

"धर हिला," ते चांगुणाबाईंना म्हणाले.

"आत न्या तिला."

"आगं, आत साहेब हायत."

"आसूंद्या. वकील काय म्हनले हुते?"

"धर म्हंतो ना!"

चांगुणाबाईंनी दोन्ही हात पदराखाली घातले. "म्या न्हाई धरनार."

बाकावरचे फौजी दुसरीकडे बघू लागले. आबांनी एक क्षण वाट पाहिली. मग मला भिंतीला टेकवलं, निळी फाईल बगलेत मारली आणि आत गेले.

ती आत, मी बाहेर. पुन्हा! तेव्हा मला जे वाटलं त्याला जळणं म्हणणं कमी पडेल. भिंत पेटली असती. तिनं कधी त्यांचं वजन पेललं? तिला ठाऊक आहे का, पावसाळ्यात गुडघा कुठल्या बाजूनं ठणकतो? उंबऱ्यावर ते आधी श्वास घेतात आणि मग पाऊल टाकतात, हे कुठल्या पानावर लिहिलंय? आणि तरी आत तीच!

आतून बूट वाजू लागले. खाट्. खाट्. खाट्. पण आता ते पंचाहत्तरीचे होते. चौथ्याला आवाज जरा लांबला. सहाव्याला बूट फरशीवर घासला.

चांगुणाबाई उठल्या. मला उचललं आणि सरळ दाराकडे. दारावरच्या तरुण जवानानं हात आडवा केला.

"माताजी, अंदर जाना मना है."

"म्या कुटं जाते?" त्या म्हणाल्या. "हिला जाऊ द्या."

आणि मला त्याच्या हातात दिलं.

जवान गोंधळला. आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग मला बंदुकीसारखी उभी धरून आत घेऊन गेला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दाराच्या आत होते!

आबा खोलीच्या मधोमध सावधानमध्ये उभे होते. हनुवटी वर, नजर समोरच्या भिंतीवर. पण खाली त्यांच्या विजारीची उजवी बाजू वाऱ्यात असल्यासारखी थरथरत होती. खोलीत वारा नव्हता.

"ये किसकी है?" बाई डॉक्टरांनी विचारलं.

 आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता हा माणूस मला ओळखसुद्धा देणार नाही. पंखा फिरत होता. टेबलावर ती निळी उघडी पडली होती, पानं फडफडवत, जणू म्हणत होती, कोण गं तू?

"मेरी है, साब," आबा म्हणाले.

"कब से?"

"बहत्तर से."

बाईंनी फायलीची पानं मागं उलटली. थेट तळाशी गेल्या. ती ओळ वाचली. "छिहत्तर में तो लिखा है, कोई सहारा नहीं."

"तब ये बाहर थी, साब."

तिघांतलं कुणी हसलं नाही. बाई खुर्चीतून उठल्या, जवानाकडून मला घेतलं आणि आबांपर्यंत चालत येऊन त्यांच्या डाव्या हातात दिलं. हळू आवाजात म्हणाल्या, घरात चालता तसं चाला, परेड नको.

मित्रांनो, त्रेपन्न वर्षं मी त्यांना पेललं होतं. पण त्या दिवशी कळलं की आजवर ते नेहमी थोडं वजन स्वतःकडे ठेवायचे. लोक बघतायत म्हणून. त्या खोलीत त्यांनी ते सगळं माझ्यावर टाकलं. मी करकरले. रबरी बूट दबला. आबा चालले, एक खांदा खाली टाकत, उजवा पाय ओढत, तोंड किंचित उघडं. असं चालताना त्यांना फक्त चांगुणाबाईंनी आणि मी पाहिलं होतं. आता तीन साहेबांनी पाहिलं.

भिंतीपाशी पोचून ते वळले. डाव्या हातात मी, सगळा भार माझ्यावर, आणि उजवा हात हळूहळू कपाळाशी गेला. वाकडा होता तो सॅल्यूट. टेकलेल्या माणसाचा होता. बाई डॉक्टर सरळ उभ्या राहिल्या आणि तो त्यांनी पूर्णच्या पूर्ण परत केला.

मग त्यांनी गुडघा मोजला, वाकवून पाहिला, एक्स-रेचे फोटो पाहिले, खूप काही विचारलं. आणि सगळ्यात शेवटी लिहायला घेतलं. मी टेबलाला टेकलेली होते, म्हणून नीट दिसलं. फायलीत लिहिलं जात होतं की रुग्णाला काठीशिवाय चालता येत नाही. काठी! म्हणजे मी! तिच्या पोटात, निळ्या शाईत! जळायचं की मिरवायचं, तेच कळेना मला. मी दोन्ही केलं.

तीन महिन्यांनी निकालाचं पत्र आलं. रुपालीनं दुकानातून धावत येऊन ओसरीवर मोठ्यांदा वाचलं. लढाईतल्या जखमेमुळं चाळीस टक्के अपंगत्व, आयुष्यभरासाठी. पेन्शनचा तो भाग पुन्हा सुरू.

"म्हंजी अजून साठ टक्के चांगला म्हंत्यात," चांगुणाबाई कुरकुरल्या. पण डोळ्यांना पदर लावून कुरकुरल्या. आबांनी पत्र हातात घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि एवढंच विचारलं, "त्यात काठीचं लिवलंय न्हवं?"

"लिहिलंय, आबा. दुसऱ्या पानावर."

"मंग झालं."

आता तुम्हाला वाटेल, माझं जळणं थांबलं असेल. फायलीवरचं थांबलं, खरं आहे. तिचं काम संपलं, आता तिला कुणी कपाटातून बाहेर काढत नाही, आणि आतल्या एका पानावर मी असल्यामुळे मला तिच्याबद्दल फार वाईट बोलता येत नाही. पण एक राहिलंच सांगायचं. बोर्ड झाला त्याच दिवशी संध्याकाळी एसटी काष्टीला थांबली. खालची पायरी उंच असते. एरवी आबा आधी मला खाली टेकवतात, मग माझ्यावर उतरतात. त्या दिवशी त्यांनी मला मनगटात अडकवलं आणि हात चांगुणाबाईंच्या खांद्यावर ठेवला. भर स्टँडवर, चार माणसांत! चांगुणाबाई लाजल्या. "काय बाई," म्हणाल्या, पण खांदा हलवला नाही.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. शनिवारच्या बाजाराला निघालं की एका हातात मी आणि दुसरा हात त्या खांद्यावर. निम्मं वजन गेलं माझं. पन्नास वर्षांचा माझा मान त्या बाईनं एका पायरीवर पळवला! मी आता त्या खांद्यावर जळते, आणि हे जळणं काही केल्या जात नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी असेल. "मला काय धाड भरलीय," म्हणत भिंत धरून चालणारं. पाहुणे आले की काठी पलंगाखाली सारणारं. त्यांच्या काठीला तेल लावा, बूट झिजला तर मापाचा आणा, हे तर मी सांगणारच, शेवटी मी काठी आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. कुठल्या दारापाशी त्यांनी काठी बाहेर ठेवलीच, तर ती उचला आणि आत नेऊन द्या, कुणी मना केलं तरी. आणि परत येताना पायरी उंच असेल, तर त्यांनी मागायची वाट न बघता आपला खांदा पुढं करा.

आम्हा काठ्यांना वाईट वाटेल. वाटू द्या. तुमच्या खांद्यावर जळायला मी एका पायावर तयार आहे, आणि मला दुसरा पाय नाहीच.